वस्तऱ्याची धार : दगड, पट्टा आणि हात

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी एक वस्तरा विकत घेतला, त्याला आता आठ वर्षे होतील. मुठीला एका बाजूने तडा गेला होता, पात्यावर गंजाचे ठिपके होते. पण पाते सरळ होते आणि त्याच्या मानेवर शेफील्डचा शिक्का वाचता येत होता. लोखंड-पोलादाच्या इतिहासाचा नाद मला जुना. त्या विषयातली कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. जे काही कळते ते ग्रंथालयांत बसून, जुनी नियतकालिके चाळून आणि भाता-ऐरण चालवणाऱ्या माणसांशी बोलून. वाचताना ‘वस्तऱ्याची धार’ ही उपमा शेकडो वेळा डोळ्यांखालून गेली होती. कठोपनिषदात तर अवघड वाटेला वस्तऱ्याच्या धारेचीच उपमा दिली आहे. ती धार प्रत्यक्षात कशी लावतात हे मात्र मला माहीत नव्हते.

महिनाभर मी तो वस्तरा घासला. आधी जाड दगड, मग बारीक दगड, मग हिरवी पेस्ट लावलेला चामड्याचा पट्टा. पाते आरशासारखे चमकू लागले. मनगटावरचे केस अलगद उडायचे. मी खूश झालो आणि एका सकाळी गालाला साबण फासून बसलो. पहिल्याच हाताला दाढीचे केस कापले जाण्याऐवजी ओढले गेले. डोळ्यांत पाणी आले. दोन ठिकाणी कापले ते वेगळेच. दिसायला निर्दोष असलेली धार कामाला निकामी निघाली. असे का झाले, याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते इथे क्रमाने मांडतो.

धार म्हणजे नेमके काय

पात्याच्या दोन बाजूंचे उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेषा म्हणजे धार. दोन्ही उतार खरोखर मिळाले असतील तर धार तीक्ष्ण. मिळण्याआधीच संपले असतील तर मध्ये एक अरुंद पट्टी उरते, आणि तिलाच आपण बोथट म्हणतो. तेव्हा धारेची तीक्ष्णता म्हणजे त्या पट्टीची रुंदी. कारखान्यात बनलेल्या चांगल्या दाढीच्या ब्लेडची धार टोकाशी साधारण अर्धा मायक्रॉन रुंद असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दाढीचा केस जाडीला शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे धारेच्या तुलनेत तो ओंडकाच म्हणायचा.

दुसरी गोष्ट उताराच्या कोनाची. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजू मिळून तीस-चाळीस अंशांचा कोन असतो. वस्तऱ्याचा कोन सोळा-सतरा अंशांचा. इतका बारीक कोन हाताने कायम सांभाळणे कुणालाही जमणार नाही. म्हणून वस्तऱ्याच्या रचनेतच त्याची सोय केलेली असते. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवतात आणि घासताना पाठ व धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. पाते सोळा मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल तर कोन आपोआप सोळा अंशांचा होतो. धार झिजते तशी पाठही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षे वापरूनही कोन फारसा बदलत नाही. पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर वायरमनची चिकटपट्टी लावतात. तिच्या एका थराने कोन सुमारे एका अंशाने वाढतो. ते चालते, पण मग पुढे दर वेळी पट्टी लावावी लागते, नाहीतर दगड धारेपर्यंत पोहोचतच नाही.

पोलाद आणि मुंबईचा धागा

इतका बारीक कोन टिकवायचा तर पोलाद कठीण आणि एकजीव हवे. युरोपात ते मिळू लागले १७४० च्या दशकात. डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याने शेफील्डजवळ मुशीत वितळवून पोलाद तयार केले. आपल्याकडे दक्षिणेत मुशीतले पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले.

या वूट्झचा आणि वस्तऱ्याचा संबंध थेट आहे आणि त्यातला एक धागा मुंबईतून जातो. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून वूट्झचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यांवर प्रयोग करून जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. ते पोलाद मुंबईतच तयार होते, असे त्या निबंधाच्या शीर्षकात म्हटले आहे. खरे तर मुंबई ही त्याची फक्त वाट होती. पुढे लंडनचा शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट या पोलादाचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवू लागला आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपण ते पसंत करतो, असे आपल्या व्यवसायपत्रिकेवर छापू लागला. याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडेने १८२० आणि १८२२ साली पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहिले. आपल्या प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देत असे. विजेच्या संशोधनासाठी आपण ज्याला ओळखतो, त्याने आधी काही वर्षे धारेच्या पोलादावर घालवली होती.

पोलाद कितीही चांगले असले तरी एक पथ्य सगळ्यांना सारखेच. पोलादाला पाणी दिल्यावर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा हलकेच तापवतात. वस्तऱ्याच्या बाबतीत हे तापवणे साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात. नंतर त्याहून जास्त उष्णता लागली की कठीणपणा उतरतो. म्हणून सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे विळी-कात्री द्यावी, वस्तरा देऊ नये. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार क्षणात तापते आणि तिचे पाणी जाते. वस्तऱ्याला दगड लागतो आणि दगडावर ओल लागते.

दगड

संस्कृतात धार लावायच्या दगडाला शाण म्हणतात. सगळ्या दगडांचे काम एकच : पोलादापेक्षा कठीण कणांनी पोलाद झिजवणे. हे कण कोणते आणि केवढे, यावर दगडाचा स्वभाव ठरतो.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्जच्या परिसरात मिळणारा नोव्हॅक्युलाइट हा अतिसूक्ष्म कणांच्या गारेचा दगड. जर्मनीच्या थुरिंजिया भागातले दगड पाटीच्या दगडाच्या जातीचे. जपानमध्ये क्योटोजवळच्या खाणींतले दगड नावाजलेले. पण वस्तऱ्यासाठी युरोपात सर्वांत मान मिळाला तो बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ भागातल्या कोटिक्यूलला. हा पिवळसर दगड व्हिएलसाल्मच्या आसपास मिळतो. त्याचे थर काही सेंटिमीटरच जाड असतात आणि ते निळसर दगडाला निसर्गतःच चिकटलेले असतात. अभ्रकाच्या बारीक लगद्यात गार्नेटचे स्फटिक बसवावेत, तशी त्याची घडण. स्फटिक तसे मोठे, पाच ते वीस मायक्रॉनचे. पण त्यांना अनेक पैलू असल्याने ते जवळजवळ गोल असतात आणि पोलादात खोल रुतत नाहीत. म्हणून कण मोठा असूनही ओरखडा उथळ येतो. बोटाएवढ्या पिवळ्या दगडासाठी लोक मोठी किंमत का मोजतात, हे मला त्यामुळे कळले.

एका शब्दाचा प्रवास इथे सांगायला हवा. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कठीण खनिजाला आपण कुरुंद म्हणतो. संस्कृत कुरुविंद, तमिळ कुरुंदम. इंग्रजीतला ‘कोरंडम’ तिथूनच गेला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनला विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड हे कृत्रिम कठीण द्रव्य सापडले, तेव्हा त्याने कार्बन आणि कोरंडम जोडून ‘कार्बोरंडम’ हे नाव ठेवले. आज आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘कार्बोरंडमचा दगड द्या’ असे म्हणतो, तेव्हा आपलाच शब्द दोन समुद्र ओलांडून परत आलेला असतो.

दगडावरचे काम

आज बहुतेक लोक कृत्रिम पाणदगड वापरतात. त्यांवर आकडे असतात : एक हजार, चार हजार, आठ हजार, बारा हजार. आकडा वाढेल तसा कण बारीक. एक हजाराच्या दगडात कण साधारण पंधरा मायक्रॉनचे, आठ हजाराच्या पुढे ते एक ते तीन मायक्रॉनवर येतात.

पहिले काम दगडाचे. दगड सपाट नसेल तर धार सपाट होणार नाही. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासायचा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला.

मग वस्तरा. दगडावर पाणी, पाते आडवे, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचे, जणू दगडाचा पातळ पापुद्राच काढायचा आहे. टोकाशी पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटायचे, धारेवर कधीच नाही, आणि दुसऱ्या बाजूने परत. पात्याची लांबी दगडाच्या रुंदीहून जास्त असली तर ढकलता ढकलता तिरके ओढायचे, म्हणजे मुठीकडच्या टोकापासून अग्रापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच, सुरुवातीला किंचित जास्त.

पहिल्या, एक हजाराच्या दगडावरच सगळे ठरते. दोन्ही उतार पूर्ण लांबीत एकमेकांना मिळेपर्यंत तिथून हलायचे नाही. त्यापुढच्या प्रत्येक दगडाचे काम फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून आपले बारीक ओरखडे ठेवणे एवढेच. न मिळालेले उतार आठ हजाराचा दगड मिळवून देत नाही. तो त्यांना चकाकी देतो.

माझी चूक इथेच झाली होती आणि ती मला एका वयोवृद्ध नाभिक गृहस्थांनी दाखवली. वाईच्या बाजूला राहणारे, ऐंशीच्या घरातले. पन्नास वर्षे त्यांनी वस्तरा चालवला होता. मी माझा चकचकीत वस्तरा आणि संगणकाला जोडायचा छोटा सूक्ष्मदर्शक दोन्ही घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्माही लावला नाही. अंगठ्याचे नख ओले केले, त्यावर वस्तऱ्याची धार नुसत्या वजनाने टेकवून मुठीकडून टोकापर्यंत ओढत नेली आणि म्हणाले, “मधी धार बसलीच नाही तुमची. हितं धरतो, हितं धरतो, मधी निसटतो.”

घरी येऊन मी उतारांवर मार्करची शाई लावली, एक हजाराच्या दगडावर दोन हात मारले आणि पाहिले. मधल्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये धारेच्या कडेला शाईची बारीक रेघ तशीच होती. दगड तिथे धारेपर्यंत पोहोचतच नव्हता. महिनाभर मी पाते बाजूने न्याहाळले होते, त्यामुळे मला उतारांची चकाकी दिसत होती. धार समोरून पाहिली असती तर तिथे प्रकाश परतवणारी पांढरी रेघ दिसली असती. त्यांच्या नखाला ते दहा सेकंदांत कळले.

आता उलट बाजूचा धोका. उतार मिळाल्यावरही दाब देऊन घासत राहिलो तर टोकाचे पोलाद इतके पातळ होते की ते एका बाजूला वळते. धारेवर सुताएवढा पापुद्रा तयार होतो. नखाला तो तीक्ष्ण भासतो, पण गालावर पहिल्याच हाताला तुटतो आणि मागे खडबडीत कड ठेवतो. म्हणून प्रत्येक दगडावर शेवटचे हात हलके करत न्यायचे.

जिथे डोळे संपतात

ही घटना घडल्यावर मी एका साध्या गोष्टीचा विचार करू लागलो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. तयार वस्तऱ्याच्या धारेची रुंदीही तेवढीच किंवा त्याहून कमी. साध्या सूक्ष्मदर्शकाने कितीही मोठे करून पाहिले तरी त्या मापाची कड स्पष्ट दिसणे शक्य नाही, कारण ती ज्या प्रकाशाने पाहायची तोच तिच्यापेक्षा जाड आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असेल तरच ती दिसेल. आपण उतारांवरचे ओरखडे पाहतो आणि त्यांवरून धारेचा अंदाज बांधतो.

म्हणजे शेवटच्या टप्प्यात, जिथे वस्तरा खरा वस्तरा होतो, डोळे उपयोगाचे नाहीत. तिथे काम करतात ते नख, बोट, कान आणि केस. बारीक दगडावर धार बसत आली की पाणी पात्यापुढे ढकलले जाण्याऐवजी धारेवरून पात्यावर चढू लागते. आवाज खरखरीतून मऊ होतो. पाते दगडाला चिकटल्यासारखी ओढ देते. तयार धारेवर हातात धरलेला एक सुटा केस टेकवला तर तो आवाज न करता तुटून पडतो. यातले काहीही डोळ्यांवर अवलंबून नाही, ते सगळे सरावावर आहे.

पट्टा आणि पेस्ट

पट्ट्यावर दिशा उलटी : पाठ पुढे, धार मागे. नाहीतर पट्टाच कापला जातो. पाठ उचलायची नाही, पट्टा ताठ धरायचा, उलटताना पाठीवर उलटायचे. हे तीन नियम मोडले की दगडावरचे तासाभराचे काम चार हातांत जाते. पट्टा सैल असला तर तो पात्याभोवती वळतो आणि धार गोलसर करतो.

पट्ट्याला काय लावायचे, यावर युरोपात एके काळी चक्क जाहिरातयुद्ध झाले. पिअर्सनचा वूट्झवरचा निबंध वाचला गेला त्याच सुमारास लंडनच्या वर्तमानपत्रांत जॉर्ज पॅकवुड आपल्या वस्तऱ्याच्या पट्ट्यांच्या आणि पेस्टच्या जाहिराती गाणी, संवाद, कोडी अशा सगळ्या रूपांत देत होता. १७९६ साली त्याने त्या जाहिरातींचे पुस्तकच काढले. पुढच्या शतकात जॉन जोसेफ मेकी याने ‘जादूचा पट्टा’ विकून संपत्ती कमावली आणि ती टिपट्री इथल्या प्रयोगशील शेतीत घातली. क्रिमियाच्या युद्धानंतर इंग्लंडात दाढी राखायची टूम आली आणि पट्ट्यांचा खप बसला.

पेस्ट म्हणजे बारीक घर्षकाची भुकटी, चरबीत किंवा मेणात कालवलेली. पूर्वी लोखंडाच्या लाल ऑक्साइडची असे. आज हिरवे क्रोमियम ऑक्साइड सर्वांत जास्त चालते, त्याचे कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. त्याहून बारीक हवे त्यांच्यासाठी हिऱ्याची भुकटी मिळते. हे कण दगडातल्या कणांसारखे घट्ट बसवलेले नसतात. चामडे दबते, कण त्यात अर्धवट रुततात, आणि धारेवरचा उरलासुरला पापुद्रा आणि शेवटचे ओरखडे निघून जातात. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन यांनी निवृत्तीनंतर धारेवर प्रयोग केले आणि ते २००४ साली प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की कोरे चामडे पापुद्रा फारसा काढत नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेले चामडे काढते. योगायोग असा की वूट्झच्या पात्यांवरची लहरदार नक्षी कशी उमटते, यावरचे महत्त्वाचे संशोधनही याच व्हरहोव्हन यांचे.

मग पेस्टने माझे नुकसान कसे झाले? चामडे दबते म्हणून. दबलेले चामडे धार ओलांडताच किंचित वर उठते आणि टोकाला वळसा घालते. दर हाताला टोक जरासे गोल होते, कोन जरासा मोठा होतो. दहा-बारा फेऱ्यांत हे जाणवतही नाही. मी शंभर-शंभर मारत होतो. शिवाय दगडावरचे अपुरे काम पेस्ट झाकून टाकते : जिथे उतार मिळालेले होते तिथली धार इतकी सुधारली की मनगटावरचे केस उडू लागले. मनगटावरचा केस मऊ असतो, तो उडाला म्हणजे दाढी होईल असे नाही. मी चुकीची परीक्षा घेऊन स्वतःला पास केले होते.

आता मी असे करतो. पेस्ट लाकडी फळीवर ताणून चिकटवलेल्या चामड्याला लावतो, खडूने पुसट रेघ ओढावी इतकीच. दगडाचे काम पूर्ण झाल्यावर तिच्यावर दहा फेऱ्या. मग पाते पुसून जाड सुती कापडावर वीस आणि कोऱ्या, टांगलेल्या पट्ट्यावर पन्नास. टांगलेल्या पट्ट्याला पेस्ट लावत नाही, कारण एकदा शिरलेली पेस्ट चामड्यातून पुरती निघत नाही. रोज दाढीआधी कोरा पट्टा. धार मंदावली की पेस्ट. पेस्टनेही भागेना की बारीक दगड. एक हजाराच्या दगडावर परत जायची वेळ धारेला खड्डा पडल्याशिवाय येऊ नये.

धार मंदावते तरी कशी? केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ. इतकी मऊ वस्तू पोलादाला कशी हरवते, याचा शोध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या तिघा संशोधकांनी घेतला आणि तो २०२० साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. त्यांनी दाढीच्या साध्या ब्लेडवर पाहिले. धार नुसती झिजून गोल होत नाही. तिचे बारीक टवके उडतात. केस धारेला तिरका भिडला, पोलादाची सूक्ष्म रचना तिथे असमान असली आणि केस नेमका कमजोर जागी टेकला की टवका निघतो. दाढीआधी केस चांगले भिजवावेत, हा जुना सल्ला वस्तऱ्याच्याही हिताचा आहे तो यामुळे. भिजलेला केस नरम पडतो.

लिहिले गेले नाही ते

१७६९ साली पॅरिसचा शस्त्रकार झाँ-झाक पेरे याने आपली दाढी आपण करण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. धारेचे सर्व प्रकारचे दगड कसे ओळखावेत आणि पट्ट्याचे चामडे कसे तयार करावे, हे सांगण्याचे वचन त्याच्या मुखपृष्ठावरच आहे. म्हणजे त्या देशात एका कारागिराने आपल्या हातातली विद्या कागदावर उतरवली आणि ती छापली गेली.

आपल्याकडे वस्तऱ्याची नोंद आहे, पण ती वेगळ्या कारणाने. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा चालवायचा नाही असे ठरवले. ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात योग्य मानाने नोंदली गेली आहे. त्या माणसांनी तो वस्तरा रोज कोणत्या दगडावर, किती पाण्यात, कोणत्या खुणेवर थांबत पाजळला, हे मात्र मला कोणत्याही मराठी पुस्तकात सापडले नाही. ज्यांच्या हातात विद्या होती त्यांच्या हातात लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांना ती विद्या वाटत नव्हती.

मग ती एका पिढीत गेली. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले आणि पुढच्या काही वर्षांत सलूनमधून दगड आणि पट्टा जाऊन अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला. ते योग्यच झाले. एकच वस्तरा आणि एकच पट्टा पन्नास गालांना लावण्यात धोका होता. चामड्याचा पट्टा उकळून घेता येत नाही. वाईचे ते गृहस्थही म्हणाले, “चांगलंच झालं. पण पोरगं इचारतं, आबा, धार म्हंजी काय लावत होता? त्याला दावायचं काय?”

मी त्यांच्याकडे चार वेळा गेलो. ते किती हात मारायचे, हे विचारले तेव्हा म्हणाले, “मोजत नव्हतो. आवाज बदलला की थांबायचं.” पट्ट्याला ते पेस्ट लावत नसत, कधीमधी खोबरेलाचा हात, आणि शेवटचे तीन-चार हात स्वतःच्या तळव्यावर. तळव्यावर का, तर तिथे वस्तरा कुठे अडतो ते लगेच समजते. माझ्या वहीत त्यांच्या बोलण्याची अकरा पाने आहेत. पाचव्या वेळी गेलो तेव्हा ते नव्हते. धोकटी घरात होती, दगड मात्र कुणीतरी विळ्याला धार लावायला नेला होता, तो परत आला नव्हता.

माझा शेफील्डचा वस्तरा आता चालतो. त्यात मुख्य वाटा दोन गोष्टींचा : नखावरची त्यांची परीक्षा आणि पेस्टवर दहाच्या पुढे न जाण्याचा संयम. पण एका माणसाच्या अकरा पानांवरून एका प्रदेशाची विद्या लिहिता येत नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात सत्तरी ओलांडलेले, दगडावर धार लावलेले कुणी नाभिक आजोबा असतील तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. दगड कुठून आणत, त्याला काय म्हणत, पाणी लावत की तेल, पट्टा कोणत्या जनावराच्या चामड्याचा, धार झाली हे कशावरून ओळखत, एवढे पाच प्रश्न विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. जमल्यास त्यांच्या हातात वस्तरा द्या, कारण अनेक उत्तरे हात हलू लागल्यावरच त्यांना आठवतात.